मदत हवी आहे: मोनाझाइटमध्ये इतकं पोटॅशियम कुठून आलं?

वाळूचा_हिशेब: मंडळी, सोमवारी रिपोर्ट द्यायचाय आणि आकडे गंडलेत. अमांगचे तीन नमुने गॅमा किरणांवरून मोजले. इल्मेनाइट, झिरकॉन ठीक. मोनाझाइटमध्ये (थोरियमवालं फॉस्फेट खनिज) थोरियम १५० बेकेरेल (सेकंदाला इतकी किरणोत्सारी विघटनं) प्रति ग्रॅम, ते अपेक्षितच. पण के-४० (किरणोत्सारी पोटॅशियम) चक्क १२! साहेब म्हणतात कॅलिब्रेशन चुकलंय. पुन्हा केलं, तेच. कोणी सांगेल का?

कातळवाट: अमांग म्हणजे काय रे भाऊ?

वाळूचा_हिशेब: मलेशियात पेराकला कथिल काढून घेतल्यावर उरणारी जड वाळू. चुंबक वगैरे लावून त्यातून एकेक खनिज वेगळं करतात. प्लीज, प्रश्नाकडे वळा.

चहाबिस्कीट: डबा सील करून किती दिवस ठेवलात? युरेनियमच्या साखळीतून निघणारा रेडॉन वायू डब्यात साठू द्यावा लागतो, त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवस. तीन-चार आठवडे थांबल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही.

निवृत्त_मास्तर: मोनाझाइटच्या दाण्यातून रेडॉन फारसा सुटतच नाही. आणि रेडॉनचा पोटॅशियमशी संबंध काय?

चहाबिस्कीट: आम्ही मातीचे नमुने कायम महिनाभर ठेवतो.

निवृत्त_मास्तर: ठेवा की. माती निराळी, हे निराळं.

ढवळ्या: गॅमाचा नाद सोडा. लिथियम बोरेटबरोबर वितळवा, विरघळवा आणि आयसीपी-एमएसला (अणू वस्तुमानावरून मोजणारं यंत्र) द्या. युरेनियम-थोरियम थेट पीपीएममध्ये.

वाळूचा_हिशेब: मी पोटॅशियमचं विचारतोय हो!

निवृत्त_मास्तर: डिटेक्टर कुठला? नमुना किती?

वाळूचा_हिशेब: जर्मेनियम. ३०० ग्रॅम, नेहमीच्या डब्यात, डिटेक्टरच्या टोपीवर.

निवृत्त_मास्तर: डेड टाइम? म्हणजे आधीच्या किरणात गुंतल्यामुळे डिटेक्टर नवीन किरण मोजू शकत नाही तो वेळ.

वाळूचा_हिशेब: ३४ टक्के. त्याने फरक पडतो?

निवृत्त_मास्तर: अहो, हे आधी सांगायचं! दहा-वीस ग्रॅमच घ्या आणि डिटेक्टरपासून वर उचलून ठेवा. पण तुमचं दुखणं वेगळंच आहे. शुद्ध पोटॅशियममध्ये ग्रॅमला ३१ बेकेरेल असतात. तुमच्या १२ चा अर्थ वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग पोटॅशियम. फॉस्फेट खनिजात? पोटॅशियम क्लोराइडसुद्धा जेमतेम १६ देतं.

थोरियमच्या विघटन-साखळीतल्या अ‍ॅक्टिनियम-२२८ ची एक बारीक गॅमा रेषा १४५९ केईव्हीला (किरणाच्या ऊर्जेचं एकक) आहे, पोटॅशियमची १४६१ ला. दोन्ही एकाच पीकमध्ये (आलेखातल्या उंचवट्यात) मिसळतात. मातीत ती जाणवतही नाही, मोनाझाइटमध्ये थोरियमच एवढा की तीच पोटॅशियम बनून बसते. शेजारी १५८८ ला अ‍ॅक्टिनियमचीच ठसठशीत रेषा असेल. १४६१ चं पीक तिच्या साधारण पाव आहे का बघा.

कातळवाट: मग आमच्या रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्याची काळी वाळू? पोरं दिवसभर लोळतात त्यात.

ढवळ्या: ती दख्खनच्या बेसॉल्टमधून आलेली, मोनाझाइट नगण्य. केरळात चवऱ्याला जा, तिथे खरं थोरियम.

वाळूचा_हिशेब: १५८८ खाली ८१,२०० काउंट, १४६१ खाली २१,७००. बापरे.

निवृत्त_मास्तर: थोडं पावापेक्षा जास्त, कारण खालच्या ऊर्जेला कार्यक्षमता जरा बरी असते. वजा करा, हाती काही राहत नाही. के-४० पुढे 'शोधमर्यादेखाली' लिहा. झिरकॉनचंही असंच तपासा, तिथेही थोरियम आहे.

वाळूचा_हिशेब: झिरकॉन तर 'ठीक' म्हणून कालच पाठवलाय.

चहाबिस्कीट: सील न करता?