मदत हवी आहे: कुत्र्याने बेदाणे खाल्लेत, काय करू?

रानजाई, सकाळी 10:40

घाईत लिहितेय. पॉमेरेनियन, वय 4 वर्षं, वजन 8 किलो. शिऱ्यासाठी काढलेले बेदाणे तासाभरापूर्वी खाल्ले. पाकीट 100 ग्रॅमचं, नुकतंच फोडलेलं. उरलेले काट्यावर 55 ग्रॅम भरले. सध्या खेळतोय, उलटी नाही, जुलाब नाहीत. घरातले म्हणताहेत मीठपाणी पाजून ओकवू, नाहीतर दूध देऊ. यातलं काय करू? आणि रात्री त्याला आमटी-भाकरी असते, ती आज चालेल का?

पाणमांजर, 10:46

आधी पशुवैद्यांना फोन करा आणि निघा. बाकीचं वाटेत वाचा.

मीठपाणी अजिबात पाजू नका. त्याने उलटी होईलच असं नाही, आणि नाही झाली तर सगळं मीठ अंगात राहतं. रक्तातलं सोडियम चढलं की थरथर, झटके सुरू होतात. घशात बोटही घालू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड आपल्या मनाने देऊ नका, पोटाच्या आतल्या अस्तराला जखमा होतात. दुधाचा काही उपयोग नाही.

हिशोब असा: 45 ग्रॅम भागिले 8 किलो, म्हणजे किलोमागे साडेपाच ग्रॅमच्या वर. बेदाण्यांनी मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदींत सगळ्यात कमी मात्रा किलोमागे सुमारे 2.8 ग्रॅम आहे. तुम्ही तिच्या दुप्पट आहात. काही कुत्री यापेक्षा जास्त खाऊनही ठणठणीत राहतात हे खरं, पण आपला कुत्रा त्यातला आहे की नाही हे आधी कळायचा मार्ग नाही. म्हणून खेळतोय यावर जाऊ नका. उलट्या साधारणपणे पहिल्या 24 तासांत सुरू होतात, मूत्रपिंडं बसतात ती 1 ते 3 दिवसांत.

वेळ तुमच्या बाजूने आहे. बेदाणे पोटात फुगतात आणि बराच वेळ तिथेच पडून राहतात, त्यामुळे दवाखान्यात औषध देऊन उलटी काढली तर बरेचसे बाहेर येतात. फोनवर वजन, ग्रॅम, खाल्ल्याची वेळ आणि चालू औषधं एवढं सांगा. पाकीट बरोबर न्या.

रानजाई, दुपारी 12:55

उलटी काढली. टरारून फुगलेले बेदाणे पडले, डॉक्टरांनी चिमट्याने मोजले, पन्नासच्या आसपास. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन 0.9 आलं. सलाइन लावून ठेवून घेतो म्हणाले. रिपोर्ट चांगला असेल तर घरी का नेऊ नये?

कडुलिंब, 1:10

कारण आजचा रिपोर्ट आजचं काही सांगत नाही. मूत्रपिंडाचा मोठा भाग निकामी झाल्यावरच क्रिएटिनिन हलतं. 0.9 हा तुलनेसाठीचा पहिला आकडा. 24, 48 आणि 72 तासांनी पुन्हा रक्त तपासायचं आणि ते चढतंय का बघायचं. सलाइन निदान 48 तास चालू ठेवतात.

शिवाय एक बेदाणा साधारण अर्ध्या ग्रॅमचा. 45 ग्रॅम म्हणजे नव्वदेक दाणे. पन्नास बाहेर आले तरी चाळीस आत असू शकतात, म्हणजे वीस ग्रॅम, किलोमागे अडीच. काठावरचाच आकडा आहे.

दवाखान्यात रोज एक गोष्ट आवर्जून विचारा: लघवी किती झाली? सलाइन जातेय आणि लघवी कमी होतेय, हे सगळ्यात वाईट लक्षण.

पाणमांजर, 1:35

आमटीचं राहिलं होतं. ती आजच नव्हे, कायमची बंद करा. यातली चिंचेची बाजू फार जणांना माहीत नसते.

द्राक्षं आणि बेदाण्यांचा मूत्रपिंडाशी संबंध अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या लक्षात आला तो 2001 च्या सुमारास, पण नेमकं विष कुठलं ते कळत नव्हतं. 2021 मध्ये तिथल्याच तज्ज्ञांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. घरगुती खेळण्याच्या मातीत क्रीम ऑफ टार्टर (याच आम्लाचा क्षार) घालतात, ती खाल्लेल्या कुत्र्याची मूत्रपिंडं तशीच बिघडली होती. मग चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तेच दिसलं. चिंचेच्या गरात हे आम्ल भरपूर असतं, आणि द्राक्षात ते जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे कमीजास्त होतं. अमुक इतके दाणे चालतील असं म्हणूनच सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न कांदा-लसणाचा. कांद्यातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एकाच वेळी पोटात गेला तर विषबाधा ठरलेली. तुमच्याकडे ते 40 ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. लसूण कांद्याच्या तिप्पट ते पाचपट जहाल. शिजवून, परतून, वाळवून विष जात नाही, त्यामुळे कांदा-लसूण मसालाही तितकाच वाईट. रोज थोडं थोडं दिलं तरी नुकसान साठत जातं, आणि लक्षणं तीन-चार दिवस उशिरा येतात, त्यामुळे कोणाला आमटीची शंका येत नाही. ओठ वर करून हिरडी बोटाने दाबा. पांढरी पडून 2 सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. फिकट दिसली, धाप लागली किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दाखवा.

भाकरी चालेल. डाळ शिजली की मीठ-फोडणी पडायच्या आधी त्याची वाटी बाजूला काढत जा.

तिरफळ, 2:20

घरात चॉकलेट असेल तर तेही वर ठेवा. 8 किलोच्या कुत्र्याला साधारण 80 ग्रॅम मिल्क चॉकलेटने, 30 ग्रॅम डार्कने, पण 8 ग्रॅम कोको पावडरनेसुद्धा त्रास सुरू होऊ शकतो. केक करताना सांडलेली पावडर लगेच पुसा.

साखरविरहित च्युइंगम आणि पीनट बटरच्या लेबलवर झायलिटॉल किंवा ई967 शोधा. अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळते; 8 किलोला 0.8 ग्रॅम पुरतं, म्हणजे च्युइंगमच्या एक-दोन गोळ्या.

मोगरा_2, 3:05

बिनबियांची द्राक्षं, सालं काढून दिली तर?

कडुलिंब, 3:12

नाही. बी आणि साल काढलं तरी आम्ल गरात राहतंच. मनुका, काळे-हिरवे बेदाणे, द्राक्षाचा रस, बेदाणे घातलेला शिरा, पुलाव, केक सगळं त्यातच. शिऱ्यातले बेदाणे वेचून उरलेला शिराही देऊ नका, तुपात परतताना फुटलेल्या बेदाण्यांचा गर रव्यात मिसळलेला असतो.