‘समान’ की ‘सामाईक’? युरोपीय परराष्ट्र धोरणाची मराठी

प्रश्न

राज्यशास्त्राच्या एम. ए.च्या मुलांसाठी युरोपीय संघाचे परराष्ट्र धोरण कसे ठरते, यावर मराठीत टिपणे लिहिते आहे. तीन ठिकाणी अडले. १९९२च्या मास्ट्रिख्ट करारातल्या ‘कॉमन फॉरिन अँड सिक्युरिटी पॉलिसी’साठी समान, सामायिक, संयुक्त, एकत्रित असे चारही शब्द वाचनात आले. कोणता घ्यावा? मतदानातल्या ‘अ‍ॅबस्टेन’ला ‘तटस्थ राहणे’ पुरेल का? आणि ‘कौन्सिल’ आले की मी ‘परिषद’ लिहिते, पण या परिषदा एकच नाहीत. जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

ताई, ‘सामाईक’ घ्या आणि ‘समान’ कटाक्षाने टाळा. ‘समान नागरी कायदा’ कानावर पडून पडून आपल्याला ‘समान’ म्हणजे सगळ्यांना एकच नियम असे वाटते. ‘समान परराष्ट्र धोरण’ वाचल्यावर मुले २७ देशांचे धोरण एकसारखे आहे, असेच समजतील. प्रत्यक्षात पॅरिस, वॉर्सा, निकोसिया इथली परराष्ट्र मंत्रालये आपापली आहेत, दूतावासही ज्याचे त्याचे. सुरक्षा परिषदेतली कायम जागा फ्रान्सची आहे, संघाची नाही. २००३ साली इराकच्या प्रश्नावर तेव्हाच्या सदस्यांपैकी ब्रिटन आणि स्पेन अमेरिकेच्या बाजूने गेले, फ्रान्स आणि जर्मनी विरोधात. त्या वेळी हे धोरण अमलात येऊन दहा वर्षे होत आली होती.

कोसोव्होचे उदाहरण मुलांना जरूर द्या. स्पेन, ग्रीस, सायप्रस, रुमानिया आणि स्लोव्हाकिया या ५ देशांनी कोसोव्होला मान्यता दिलेली नाही. तरी तिथे पोलीस आणि न्यायव्यवस्थेला मदत करणारी २००८ची मोहीम संघाचीच. ‘समान’ या शब्दात हे बसवून दाखवा! ‘सामाईक’मध्ये मात्र चपखल बसते. सातबाऱ्यावर सामाईक विहिरीची नोंद असते ना, तसे: जमीन ज्याची त्याची, विहिरीत हिस्सा सगळ्यांचा, आणि नवी मोटर बसवायची तर सगळ्यांची संमती लागते.

‘संयुक्त’ हा शब्द राखून ठेवा. २००९ला अमलात आलेल्या लिस्बन करारापर्यंत या धोरणात ‘जॉइंट अ‍ॅक्शन’ नावाचा निर्णयाचा एक वेगळा प्रकार होता. कोसोव्होची मोहीम त्याच प्रकारच्या निर्णयाने सुरू झाली. त्याला ‘संयुक्त कृती’ म्हणावे लागेल. ‘एकत्रित’ म्हणजे नुसती बेरीज, तो सोडून द्या.

आता गंमत पाहा. व्यापाराच्या धोरणालाही तिकडे ‘कॉमन’च म्हणतात, पण तिथे कारभार अगदी निराळा. व्यापार हा पूर्णपणे संघाचा अधिकार. भारताशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ला थंडावल्या, २०२२ला पुन्हा सुरू झाल्या. सदस्य देशांच्या वतीने त्या केल्या युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेने. जर्मनीला भारताशी वेगळा व्यापार करार करताच येत नाही. तेव्हा व्यापाराला ‘समान’ आणि परराष्ट्र धोरणाला ‘सामाईक’ लिहिले, तर इंग्रजीत न दिसणारा फरक मराठीत आपोआप दिसेल. मला हे फार महत्त्वाचे वाटते.

लिहिताना ‘सामाईक’ असेच लिहा. ‘सामायिक’ चूक नाही, पण छपाईत एक काना गळला की ‘सामयिक’ होते आणि अर्थ प्रासंगिकाकडे सरकतो.

प्रतिसाद २

मी वृत्तपत्रात भाषांतराच्या टेबलावर काम करतो. वरचे सगळे पटले, पण एक अडचण आहे. काया कल्लास यांच्या पदाला आम्ही ‘युरोपीय संघाच्या परराष्ट्रमंत्री’ लिहितो. ‘परराष्ट्र व्यवहार आणि सुरक्षा धोरणासाठीच्या उच्च प्रतिनिधी’ हे मथळ्यात मावत नाही आणि वाचकाला कळतही नाही. सोपे लिहिले तर काय बिघडले?

प्रतिसाद १

बिघडते, कारण ‘मंत्री’ हा शब्द तिथून मुद्दाम काढलेला आहे. २००४च्या राज्यघटना करारात ‘संघाचा परराष्ट्रमंत्री’ असेच पद होते. २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी तो करार फेटाळला. पुढे २००९ला लिस्बन करार अमलात आला तेव्हा पदाचे अधिकार जवळपास तेच राहिले, नाव मात्र ‘उच्च प्रतिनिधी’ ठेवले. ब्रिटनसारख्या देशांना संघाचे राज्य झाल्याचा भास होईल असा शब्द नको होता. मंत्री सरकारच्या वतीने बोलतो. उच्च प्रतिनिधी २७ सरकारांनी मान्य केले तेवढेच संघाचे म्हणून बोलू शकतात, त्यापुढे गेल्या तर दुसऱ्या दिवशी एखादी राजधानी हात झटकते. मथळ्यात ‘परराष्ट्रप्रमुख’ लिहा, बातमीत एकदा पूर्ण पद द्या. माझी त्याला हरकत नाही.

‘तटस्थ’बद्दल. इथे मराठीची खरी पंचाईत होते. हे वाक्य बघा: ‘फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनला शस्त्रे देण्याच्या निर्णयात ऑस्ट्रिया, आयर्लंड आणि माल्टा तटस्थ राहिले.’ वाचणारा काय समजेल? हे तिघे रशिया आणि युक्रेनमध्ये मधोमध उभे राहिले. पण रशियावरच्या निर्बंधांना तर त्यांनी होकार दिला होता. लष्करी तटस्थता हे त्यांचे जुने राष्ट्रीय धोरण, म्हणून ते फक्त शस्त्रांच्या ४५ कोटी युरोंच्या निर्णयातून बाजूला झाले. इंधन आणि संरक्षक साहित्याच्या ५ कोटींना त्यांची ना नव्हती. म्हणजे एकाच वाक्यात ‘तटस्थ’चे दोन अर्थ एकमेकांवर चढतात.

‘अलिप्त’ घ्यावा तर तो नेहरूंच्या काळापासून दुसऱ्याच धोरणाला दिलेला आहे. म्हणून साधे ‘मत न देणे’ लिहावे. संघाच्या करारातल्या कलम ३१ मधल्या खास सोयीला मी ‘वाट न अडवता मत न देणे’ म्हणतो. एखाद्या देशाने तसे निवेदन केले की निर्णय त्याच्यावर बंधनकारक राहत नाही, पण तो संघाचा निर्णय आहे हे त्याला मान्य करावे लागते आणि त्याच्या आड येता येत नाही. २००८ला कोसोव्होच्या मोहिमेच्या वेळी सायप्रसने हेच केले.

प्रश्नकर्ती

सर, मग हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांनी डिसेंबर २०२३ मध्ये केले ते यातच मोडते का?

प्रतिसाद १

नाही, आणि बरे झाले विचारलेत. १४ डिसेंबर २०२३ला ब्रुसेल्समध्ये युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करण्याचा विषय होता. ओर्बान यांचा ठाम विरोध. जर्मनीचे चान्सलर शोल्झ यांच्या सूचनेवरून ते खोलीबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी निर्णय घेतला. याला ‘गैरहजर’ म्हणा. हे चालले, कारण ती बैठक सरकारप्रमुखांची होती आणि तिथे सर्वसंमतीने ठरते: हजर असलेल्यांपैकी कोणी हरकत घेतली नाही की झाले. त्याच रात्री युक्रेनच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीला मात्र त्यांनी हरकत घेतली आणि ती १ फेब्रुवारी २०२४पर्यंत लटकली.

यावरूनच परिषदांचे उत्तर निघते. सरकारप्रमुख बसतात ती ‘युरोपीय परिषद’. मंत्री बसतात तिला ‘मंत्रिपरिषद’ लिहा, परराष्ट्रमंत्री असतील तर ‘परराष्ट्रमंत्र्यांची परिषद’. स्ट्रासबर्गची १९४९ सालची, मानवी हक्क न्यायालयवाली, ४६ देशांची संस्था संघाचा भागच नाही. तिला ‘युरोप परिषद’ म्हणतात, पण टिपणात प्रत्येक वेळी ‘स्ट्रासबर्गची’ हे विशेषण लावा, नाहीतर मुले पेपरात हमखास घोटाळा करतील.

परराष्ट्र धोरणाचे रोजचे काम मंत्रिपरिषदेच्या खालीच होते, राजकीय आणि सुरक्षा समितीत. २७ देशांचे राजदूत ब्रुसेल्सला साधारण आठवड्यातून दोनदा भेटतात, मसुद्यातला एकेक शब्द घासतात. रशियावरचे आर्थिक निर्बंध ६-६ महिन्यांनी एकमताने वाढवावे लागत आले आहेत. दरवेळी कोणती राजधानी काय मागणार, याचा अंदाज बैठकीच्या आधीच घेतला जातो. टिपणात या समितीला भरपूर जागा द्या.

प्रतिसाद २

जाता जाता: दिल्लीतल्या संघाच्या ‘डेलिगेशन’ला आम्ही ‘शिष्टमंडळ’ लिहायचो. वाचकांना वाटायचे कोणी भेटीला आले आहेत. आता ‘दूतावासाच्या दर्जाचे कार्यालय’ लिहितो. चालेल?

प्रतिसाद १

चालेल. त्याच्या प्रमुखांना ‘राजदूत’च म्हणा. फक्त व्हिसासाठी वाचकांना तिकडे पाठवू नका, तो सदस्य देशाच्याच वकिलातीतून मिळतो.