उपचारांनंतरची वार्षिक मॅमोग्राफी आई टाळते आहे, तिला काय सांगावे?

गोदाकाठ

माझ्या आईला 49व्या वर्षी डाव्या स्तनाचा कर्करोग झाला. स्तन राखून गाठ काढली, मग केमो आणि किरणोपचार झाले. या गोष्टीला आता चार वर्षे झाली असून तिची प्रकृती उत्तम आहे. मात्र मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीची, तारीख जवळ आली की तिची झोप उडते आणि यंदा तर "काही होत नसताना मुद्दाम दुखणे शोधायला कशाला जायचे?" असे म्हणून तिने ती दोनदा पुढे ढकलली. पहिली गाठ अंघोळ करताना तिची तिलाच लागली होती, त्यामुळे हाताने पाहिले की पुरे, असे तिला वाटते. हे मला खोडून काढता आले नाही. मी स्वतः 30 वर्षांची आहे. माझी तपासणी कधी सुरू व्हावी?

पाऊलवाट

माझी पहिली गाठही हातालाच लागली होती आणि तेव्हा ती चांगली लिंबाएवढी होती. दुसऱ्या वेळी हाताला काहीच लागले नाही. तिसऱ्या वर्षीच्या मॅमोग्राफीत दुसऱ्या स्तनात कॅल्शियमचे बारीक कण एका ठिकाणी गोळा झालेले दिसले आणि बायोप्सीत दूधनलिकेच्या आतच असलेला, बाहेर न पसरलेला कर्करोग निघाला. छोटी शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांवर भागले, केमो घ्यावी लागली नाही. आईंना हे जरूर सांगा, पण त्यांची भीती खोटी ठरवू नका. नऊ वर्षांनंतर आजही तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले की माझे हात गार पडतात. म्हणून मी सकाळची पहिली वेळ घेते आणि कोणाला तरी बरोबर नेते.

सांगलीकर (निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ)

जुन्या फिल्म बरोबर न्याव्यात, ही माझी पहिली विनंती. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार झालेल्या स्तनात व्रणाच्या खुणा राहतात आणि मागचे चित्र शेजारी ठेवल्याशिवाय जुना व्रण कोणता व नवा बदल कोणता, हे ठरवणे अवघड जाते. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नये, कारण त्यातले कण चित्रात कॅल्शियमसारखे दिसू शकतात. चित्र काढताना यंत्र स्तन दाबते, पण हा दाब काही सेकंदच असतो. उपचार झालेली बाजू जास्त दुखते, हे तंत्रज्ञाला आधीच सांगावे. रिपोर्टमध्ये 'बायरॅड्स 0' (बायरॅड्स म्हणजे निष्कर्षाची ठरलेली श्रेणी) आले तर घाबरू नये. त्याचा अर्थ आणखी चित्रे, सोनोग्राफी किंवा जुन्या फिल्मशी तुलना हवी, एवढाच असतो. उलट, स्तनाची ऊती दाट असेल तर मॅमोग्राफीत गाठ लपू शकते. त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ असूनही हाताला काही लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

उत्तरायण

येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होऊ नये. कोणतीही तक्रार नसलेल्या निरोगी स्त्रियांची चाळणी तपासणी कधी करावी, यावर देशोदेशी मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये 50व्या वर्षापासून दर तीन वर्षांनी बोलावतात, तर अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने 2024 मध्ये 40 ते 74 या वयात दर दोन वर्षांनी तपासणी सुचवली. आपल्याकडे टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलेल्या गटात, 50 वर्षांवरील स्त्रियांचे या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी आढळले. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र तसा फायदा दिसला नाही. म्हणजे हाताची तपासणी टाकाऊ नाही, पण तो हात शिकलेला होता. तुमच्या आईंचा प्रश्न चाळणीचा नाहीच. त्यांच्यासाठी वार्षिक मॅमोग्राफी हा उपचारांचाच पुढचा भाग आहे. तुमच्याबाबत, आईच्या निदानाच्या वयातून दहा वर्षे वजा करण्याचा ठोकताळा पुष्कळ डॉक्टर वापरतात, म्हणजे साधारण 39. मात्र मावशी, आजी किंवा इतर नात्यांतही हा रोग झालेला असेल, तर जनुकीय सल्ला आताच घ्यावा.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. 'पाऊलवाट' यांचा प्रतिसाद आईने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि बाकाचे वाक्य ऐकून प्रथमच हसली. गुरुवारी सकाळची पहिली वेळ घेतली आहे. कपाटातून तीन वर्षांच्या फिल्म निघाल्या, पण मागच्या वर्षीची सापडत नाही. ती पुन्हा मिळू शकते का?

सांगलीकर

बहुतेक ठिकाणी चित्रे संगणकावर जपलेली असतात. जुन्या पावतीवरचा नोंदणी क्रमांक घेऊन बुधवारीच विचारून पाहा आणि सीडी मागा. गुरुवारी सकाळी तेवढा वेळ मिळणार नाही.