मदत हवी आहे : चित्रकार्डांवरचे शब्द मुलांच्या लक्षात राहत नाहीत

परभणीजवळच्या खेड्यातली अंगणवाडी आहे. ३ ते ५ वर्षांची १४ मुलं, २४ कार्डं. एकेक कार्ड धरून "हे काय?" विचारलं की पहिल्या पाच-सहांची नावं येतात, पुढं नुसता गलका. दुसऱ्या दिवशी क्रम बदलला की तीही अडखळतात. कार्डं किती घ्यावीत? कुठं चुकतंय?

प्रतिसाद १
ताई, मुलांनी चित्रं नाही, क्रम पाठ केलाय. आणि "हे काय?" ही शेवटची पायरी आहे, तिनंच सुरुवात होतेय. मॉन्टेसरी पद्धतीत तीन पायऱ्या असतात. तीनच कार्डं घ्या, एकमेकांसारखी न दिसणारी : इळा, सूप, घागर. (ज्वारी-बाजरीची कणसं एकदम काढू नका, हमखास गल्लत होते.) आधी तुम्ही नुसतं नाव सांगा. मग "सूप माझ्याकडं दे", "घागर पालथी ठेव". इथंच जास्त वेळ द्या. हे बिनचूक जमलं की मगच "हे काय?". चुकलं तर "नाही" म्हणू नका, पुन्हा नाव सांगा.

मूल 'भगुणं' म्हणालं तर ते बरोबरच आहे. "हो, भगुणं. पुस्तकात याला पातेलं म्हणतात." दोन्ही शब्द राहू द्या.

प्रतिसाद २
कार्डं लॅमिनेट केलेली आहेत का? दारातून ऊन येत असेल तर कडेला बसलेल्यांना नुसती चकाकी दिसते. ए-फोर जाड कार्डशीटचे ४ तुकडे करा, एका कार्डावर एकच वस्तू. कोपरा दुमडला की कार्ड बदला, मुलं त्या खुणेवरूनच ओळखतात.

स्मरणासाठी : ४ कार्डं मांडा, नावं मोठ्यानं म्हणवून घ्या, पंच्यानं झाका, एक काढा. "काय गेलं?" कडेचं लवकर आठवतं, मधलं अवघड जातं, म्हणून सुरुवातीला कडेचं काढा. जमलं की ५ कार्डं.

नुसत्या नावांवर थांबू नका. पेरणीचं एक चित्र घ्या. तिफणीला (पेरणीच्या अवजाराला) फण किती? तीन. चाड्यावर (बी सोडायच्या वाटीवर) मूठ कोण धरतंय? बी नळ्यांतून कुठं जातं? धरणं, सोडणं, ओढणं, झाकणं ही क्रियापदं सुट्या वस्तूंच्या कार्डांतून कधीच येत नाहीत.

धागाकर्ती
१४ जणांना एकदम घ्यायचं का? आणि उजळणी कधी?

प्रतिसाद १
पाच-पाचचे गट करा, एका गटाला ८-१० मिनिटं. बाकीच्यांना तोवर चिंचोके, मणी द्या. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या दिवशी. आठव्या दिवशी न विचारता बोलण्यात शब्द आला, तरच ते कार्ड बाजूला काढून नवं घ्या.