जलरंगात पाण्यातील सावल्या मळतात: दोष कागदाचा की पद्धतीचा?

प्रश्न – विद्यार्थिनी, सांगली

मी यंदा महाविद्यालयात चित्रकलेच्या पायाभूत वर्गाला प्रवेश घेतला आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा पोस्टर कलरने दिल्यामुळे रंगावर रंग चढवण्याची हाताला सवय आहे. जलरंगात आयर्विन पूल रंगवताना आकाश स्वच्छ उतरते. परंतु कृष्णेच्या पाण्यात पुलाची सावली घालू लागले की रंग मळतो आणि कडांना फुलकोबीसारखे डाग उमटतात. कार्ट्रिज कागदही (चित्रकलेचा साधा कागद) फुगतो. महाग कागद घेतल्याने हे थांबेल का?

उत्तर – निवृत्त कलाशिक्षक, सातारा

कागदाने थोडा फरक पडेल, पण मूळ कारण पोस्टर कलरच्या सवयीत आहे. पोस्टर कलर खालचा थर झाकतो. जलरंगात मात्र प्रकाश रंगाच्या पातळ थरातून कागदापर्यंत जाऊन परत येतो, म्हणून प्रत्येक जादा थराबरोबर चित्रातला उजेड कमी होतो. डागांचे म्हणाल तर, वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात पसरवलेला पातळ रंगाचा थर, अर्धवट वाळलेला असताना त्यावर जास्त पाण्याचा ब्रश टेकला की ते पाणी पसरत जाते आणि रंगकण ढकलून कडेला साठवते. बोर्ड तिरपा धरून कागदावरची चकाकी पाहायला शिका. ती ठळक असेपर्यंत रंगात रंग सोडता येतो; ती मावळू लागली की ब्रशमध्ये कागदावर आहे त्याहून कमी पाणी हवे, आणि ती गेल्यावर कागद पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. घड्याळ येथे उपयोगाचे नाही, कारण सांगलीच्या एप्रिलमध्ये वॉश पाहता पाहता वाळतो, तर आमच्याकडे पावसाळ्यात तो बराच वेळ ओलसर राहतो.

सावलीसाठी काळा रंग वापरू नका. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे दोनच रंग मिसळा. प्रमाण बदलले की त्यातून निळसर ते तपकिरी असे सुंदर राखाडी रंग मिळतात. तिसरा, चौथा रंग शिरला की मिश्रण मळते. ब्रश धुण्याचे आणि रंगात घेण्याचे पाणी वेगवेगळ्या भांड्यांत ठेवा.

उत्तर – हौशी चित्रकार, मिरज

कागदाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. पातळ कार्ट्रिजवर कागद फुगून पाणी खळग्यांत साचते, त्यामुळे वर सांगितलेली चकाकी सगळीकडे सारखी जातच नाही. 300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) सुती कागद पूर्ण ताव घेऊन त्याचे चार भाग करा. रोजच्या सरावाला कार्ट्रिज चालेल, पण तो आधी भिजवून, बोर्डावर गोंदपट्टीने चारही बाजूंनी ताणून वाळवून घ्या. शिवाय कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांची रंकाळा आणि कोटितीर्थ परिसराची निसर्गचित्रे जेथे पाहायला मिळतील तेथे अवश्य पाहा.

विद्यार्थिनी, सांगली

दोघांचेही मनापासून आभार. पाण्यावरची चमक शेवटी पांढऱ्या रंगाने दाखवली तर चालेल का?

निवृत्त कलाशिक्षक, सातारा

सध्या पांढऱ्याची ट्यूब बाजूलाच ठेवा. खरखरीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून झपकन ओढलात, तर खळग्यांतला कागद कोरा राहतो आणि तीच चमक दिसते. आधी वेगळ्या तुकड्यावर सराव करा.