परकोटात लोकसंगीत महोत्सव, अन् खडी गंमतीले फक्त वीस मिनिटं?

बांधावरचा: काल इथं एकानं लिहिलं का चंद्रपुरात नवा लोकसंगीत महोत्सव होऊन राह्यला, परकोटाच्या, म्हंजे जुन्या तटाच्या, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा गेटांवर जागोजागी मंच, "झाडीच्या (पूर्व विदर्भाच्या) कलेला शेवटी व्यासपीठ मिळालं". वाचून डोस्कंच फिरलं. मंडईच्या जत्रेत रात्री चार गावची माणसं बोरे अंथरून बसतात ते व्यासपीठ नाई का? आमच्या मंडळाले फोन आला, वीस मिनिटं देतो, जेवण अन् गाडीभाडं देतो, मानधनाचं पुढच्या वर्षी पाहू. खडी गंमत, आमचं गाण्या-सोंगांचं लोकनाट्य, जेवणं आटोपल्यावर उभी राहते ते पहाटपर्यंत. वीस मिनिटात सुरवातीचा गणपतीचा गण गाऊन उतराचं का?

जटपुऱ्याचा: भाऊ, शहरात रात्री दहाला भोंगा बंद करावाच लागतो, 2000 पासूनचा नियम आहे. माझ्या दहावीतल्या पोरानं खडी गंमत कधी पाहिलीच नाही. वीस मिनिटं पाहिली तर पुढं विचारेल तरी.

वडसेकर: दहाचा नियम सांगू नका, दिवाळी ते होळी आमच्या वडशाच्या कंपन्यांची नाटकं रातभर चालतात अन् लोक तिकीट काढून बसतात. तुमची गंमत लोकांनीच सोडली.

बांधावरचा: लोकांनी नाई, तुमच्या कंपन्यांनी सोडवली! शंकरपट, बैलांच्या शर्यती, आला का गावची वर्गणी नाटकाले, अन् मधात रेकॉर्डिंगवर डान्स. माझा बाप गंमतीत बाईचं सोंग घेऊन राधा व्हायचा, तीस वर्षं. शेवटी शेवटी लोक म्हणत, बुवा, आटपा लवकर, नाटक सुरू होते. तो घरी येऊन जेवला नाई त्या रात्री.

वडसेकर: तुमच्या बाबांचं वाईट वाटलं, खरंच. पण झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना 2023 ची पद्मश्री नाटकामुळंच मिळाली ना? वडशाच्या नाटकांवर किती घरांच्या चुली पेटतात ते येऊन पहा. डान्स मलेही नाई आवडत, तेवढं मान्य.

वणीची सून: तुमी दोघंही गड्यांचंच बोलून राह्यले. राधाही गडीच! भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत आमी बाया भुलाबाईची, म्हंजे पार्वतीची, गाणी म्हणतो, खाऊ ओळखायचा, खिरापत वाटायची, त्याले कोणत्या गेटावर जागा हाय? माझ्या सासूले शंभरावर गाणी पाठ होती, गेल्या साली ती गेली, मी लिहून घेतली फक्त अकरा. मले वीस मिनिटं दिली तर मी उद्या जाईन.

जटपुऱ्याचा: ताई, ती अकरा इथं टाका ना.

वडसेकर: टाका. अन् बांधावरचे भाऊ, तुमच्याकडं पेटीवाला नसेल तर आमचा नेऊन घ्या, त्याचे पैसे नका देऊ.

बांधावरचा: पेटीवाला घेतो. नाटकवाल्याचा घेऊन राह्यलो, लिहून ठेवा. पण मानधन आधी अन् वेळ दीड तास, हे लेखी आलं तरच गाडी निघेल. अन् ताई, आमच्या गणाच्या आधी तुमी म्हणा, तेवढा वेळ आमच्यातला कापतो.