डेब्री डिस्कला मराठीत काय म्हणायचं? आणि त्यातल्या गॅसला?

प्रयोगवही: नमस्कार मंडळी, सोलापुरातनं लिहितोय. रविवारी पोरांना मराठीत सांगायचंय की कोवळ्या ताऱ्यांभोवती डेब्री डिस्क, म्हंजे धूळ-दगडगोट्यांची चकती असते आणि तिच्यात गॅस कसा सापडतो, पण शब्दावरच गाडी अडकलीय. 'अवशेष तबकडी' म्हणलं की पोरांना उडती तबकडी आठवते, गॅस म्हणलं की सिलिंडर नाहीतर पोटातला. सुचवा काहीतरी.

हुरडापार्टी: खळं म्हणा की ओ. आमच्या मंगळवेढ्याकडं ज्वारीचं खळं असायचं, मधी तिवडा, भोवती बैलं गोल फिरायची, आता मशीन आल्यापास्नं ते गेलं, पण चंद्राला पडतं त्यालाबी आपण खळंच म्हणतो. मधी तारा, दाणे म्हंजे ग्रह, ऱ्हायलेलं भुसकट म्हंजे ही डिस्क. आणि उफणताना भुसकट उडतं तसं तिथं ताऱ्याच्या उजेडाच्या दाबानं बारीक धूळ उडून जाती.

प्रयोगवही: लै भारी दादा!

जुनी मिल: शब्द गोड आहे पण फसवतो. खळ्यातलं भुसकट एकदा उडालं की संपलं. बीटा पिक्टोरिस म्हणून अशी चकती असलेला तारा आहे, वय साधारण २ कोटी वर्षं, तिथली बारीक धूळ कधीच उडून जायला हवी होती, तरी १९८४ साली चिलीतनं काढलेल्या फोटोत ती ताऱ्याच्या दोन्ही अंगांना चक्क दिसली. कारण धूमकेतू, लघुग्रह असले गोळे एकमेकांवर आपटून नवा चुरा पडतच राहतो. 'अवशेष'मध्ये हे कुठंच येत नाही. म्हणून मी राडारोडा म्हणेन, पाडकामातनं निघतो तो. राडा म्हणजे आपल्याकडचा चिखल (मारामारी नव्हे), रोडा म्हणजे विटेदगडाचा तुकडा. राडारोड्याची चकती.

हुरडापार्टी: बरं, मग राडारोड्यात गॅस कुठनं आला?

जुनी मिल: त्या गोळ्यांत बर्फ असतो, पाण्याचा असतोच, शिवाय गोठलेला कार्बन मोनॉक्साइड. गोळे फुटले की तो सुटतो. ग्रह घडतानाचा मूळ वायू वेगळा, तो मुख्यतः हायड्रोजन आणि सहसा कोटभर वर्षांच्या आतच निघून जातो. बीटा पिक्टोरिसभोवतीच्या कार्बन मोनॉक्साइडला अतिनील किरण शंभर-सव्वाशे वर्षांत फोडतात, म्हणजे आज दिसतोय तो आत्ता आत्ताचाच असणार. आल्मा दुर्बिणींनी नकाशा काढला, २०१४ मध्ये छापून आला, त्यात तो गोलभर सारखा नव्हताच, एका अंगाला ढीग. ह्याला सेकंडरी गॅस म्हणतात, पण 'दुय्यम वायू' लिहिलं की हलक्या प्रतीचा वाटतो, नाहीतर दुय्यम निबंधक आठवतो. मूळ तो शिळा वायू, हा ताजा वायू, असं चालेल का?

प्रयोगवही: ताजा पटला.

चुलीपुढची: ताजा ठीक, पण शिळा म्हणताना जपून हं. शिळं म्हणजे कालचं, टिकलेलं वेगळं. आपली कडक भाकरी महिनाभर ऱ्हाते, तिला कुणी शिळी म्हणतं का?

जुनी मिल: काकू, तुम्ही नेमकं दुखणं पकडलंत. ४९ सेटी म्हणून तारा आहे, वय ४ कोटी वर्षं, तिथं कार्बन मोनॉक्साइड इतका भरपूर की हा मूळचाच टिकलाय की ताजाच साठत गेलाय ह्यावर अजून वाद आहे. कार्बनचे सुटे अणू वरनं अतिनील किरण अडवतात, त्यांच्या आडोशाला तो जास्त टिकतो, असं एक म्हणणं. म्हणजे ताजाच, पण कडक केलेला!

चुलीपुढची: मग 'मूळचा' आणि 'ताजा' लिहा, शिळं राहू द्या बाजूला.

प्रयोगवही: ठरलं. राडारोड्याची चकती, मूळचा वायू, ताजा वायू. पोरांना तारा दाखवता येईल का पण?

जुनी मिल: बीटा पिक्टोरिस येतो की. गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत रात्री दहा-अकराला दक्षिणेला अगस्त्य बघा, त्याच्या उजवीकडं हात लांब करून तीन-चार बोटांवर अंधुकसा आहे. चकती काय डोळ्यांनी दिसायची नाही, आणि शहरातल्या लायटीत ताराबी नाही, अक्कलकोट रोडनं बाहेर काढा पोरांना.

हुरडापार्टी: आमच्या रानात आणा, हुरडापण होईल. खळ्याची जागा दाखवतो.